अर्धा लिटर दूध आणि नऊ वाट्या

पुण्याला शिकायला राहिलेल्या माझ्या भाचीचा परवा सकाळी फोन आला. आदल्या रात्री तिने खोलीवरच्या मैत्रिणींसाठी कस्टर्ड केले होते. रात्री ते चांगले दाट झाले होते, चमचा उभा राहील असे. आणि सकाळी फ्रिज उघडून पाहते तर पातेल्यात ताकासारखे पातळ पाणी. "आत्या, मी सगळं तू सांगितलंस तसंच केलं होतं गं," असे ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

मी प्रमाण विचारले, ते बरोबर होते. पावडर गार दुधात कालवली होती, दुधाला उकळी आली होती, पातेले झाकून थंड केले होते. मग मी विचारले, "साखर पुरेशी झाली की नाही हे कसं पाहिलंस?" "चमच्यानं चाखून." "आणि पुन्हा ढवळलंस ते कुठल्या चमच्यानं?" पलीकडे क्षणभर शांतता झाली. तोच चमचा, दोन-तीन वेळा, तोंडातून पातेल्यात गेला होता.

आपल्या लाळेत अमायलेज नावाचे विकर असते. भाताचा घास बराच वेळ चावला की तो गोड लागू लागतो, ते याच विकरामुळे, कारण ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे साखरेत रूपांतर करते. कस्टर्डचा सगळा दाटपणा मक्याच्या पिष्टावर उभा असतो. कोमट झालेल्या कस्टर्डमध्ये उष्ट्या चमच्याबरोबर थोडीशी लाळ गेली, तरी ते विकर काही तासांत आपले काम करते आणि दाट झालेले पातेले पुन्हा पातळ होते. हे कारण मला फार उशिरा, एका वाचनात कळले. नियम मात्र मला वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होता. माझी आजी कुठलाही पदार्थ चाखताना चमच्यातला थेंब वरून आपल्या तळहातावर टाकी, तो चाखी, हात धुई आणि मगच पुन्हा पळीला हात लावी. चमचा तोंडाला लागलेला तिने पाहिला की ती पातेले बाजूला सारी. आम्हा मुलांना ती शिवताशिवत वाटे. शिवताशिवतीचा भाग त्यात असेलही, कारण आजी माळकरी होती आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेली होती. पण खिरीच्या, पेजेच्या, तवकिराच्या पातेल्याला या नियमाने काय राखले जाते, हे तिच्या हाताला ठाऊक असणार, असे मला आता मनापासून वाटते.

भाचीला हे सगळे सांगताना मला आमच्या घरातले पहिले कस्टर्ड आठवत राहिले.

आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात, खाडीपासून आत. काका मुंबईला गिरणीत होते आणि मे महिन्यात सगळे कुटुंब घेऊन गावी येत. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली; त्याआधी मुंबईहून गावी येणे म्हणजे रात्रभर एसटीच्या लाल गाडीत बसून, घाटाच्या वळणांवर मुलांची डोकी मांडीवर धरून येणे होते. १९७९च्या मे महिन्यात काकूंच्या पिशवीतून कस्टर्ड पावडरचा एक डबा निघाला. डबा उघडल्यावर जो वास आला तो आमच्या घरात पूर्वी कधीही आलेला नव्हता. वेलची, जायफळ, केशर यांपैकी तो कशाचाच नव्हता. व्हॅनिला हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. पावडर फिकट गुलाबीसर दिसत होती आणि ती दुधात पडताच पिवळी झाली, तेव्हा आम्ही नऊ मुले चुलीभोवती श्वास रोखून उभी होतो.

नऊ मुले आणि दूध अर्धा लिटर, ही त्या दिवसाची परिस्थिती होती. आमच्या गोठ्यात तेव्हा एकच गावठी गाय दुभती होती. कोकणातल्या या लहान चणीच्या गाईंना आता 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. डोंगरउतारावर चरणाऱ्या, पावसाला आणि उन्हाला न डगमगणाऱ्या या गाई दूध मात्र दिवसाला दोन-अडीच लिटरच्या आसपास देतात. त्यातले वासराचे वेगळे, आजोबांच्या चहाचे वेगळे, लहान बाळाचे वेगळे. घाटावरच्या घरांत पाहुणे आले की बासुंदी आटवतात, कारण तिथे आटवण्याइतके दूध असते. दोन लिटर दूध तासभर आटवून त्याचे जेमतेम लिटरभर करायचे, ही गोष्ट आमच्याकडे लग्नकार्यालाच शोभे. आमची रोजची गोडधोडाची परंपरा नारळावर उभी आहे, ती हौसेपेक्षा जास्त या दुधाच्या टंचाईमुळे, असे माझे मत आहे.

म्हणूनच काकूंनी अर्धा लिटर दुधात आठ-नऊ केळी आणि दोन हापूस आंबे घालून नऊ वाट्या भरल्या, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला अजून दिसतो. दूध एक थेंबही आटवायचे नाही, उलट त्यातल्या पाण्यालाच पिष्टाने धरून ठेवायचे, आणि फळांनी वाटी भरायची. कस्टर्डला अनेक लोक सोपा, घाईचा, पाहुणे दारात आल्यावर करायचा पदार्थ म्हणतात. माझ्या दृष्टीने ते कमी दूध आणि जास्त माणसे असलेल्या घरासाठी केलेले पक्वान्न आहे.

या पावडरीचा जन्मही एका घरगुती अडचणीतूनच झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, आणि कस्टर्ड तर मूळचे अंड्याच्या बलकावर दाट होणारे. तेव्हा १८३७ साली बर्ड यांनी पत्नीसाठी अंड्याऐवजी मक्याच्या पिठावर दाट होणारे कस्टर्ड तयार केले. पुढे १८४३ साली याच गृहस्थांनी तिच्यासाठीच यीस्टशिवाय फुगणाऱ्या ब्रेडकरता बेकिंग पावडर केली, कारण तिला यीस्टही चालत नसे. अंडे न चालणाऱ्या एका बाईसाठी केलेली ती वस्तू शे-दीडशे वर्षांनी आमच्या माळकरी आजीच्या चुलीवर चढली आणि आजीने डब्यावरचे चित्र दोन वेळा निरखून, आईकडून "यात अंडं नाही" अशी खात्री करून घेऊन मग ती चढू दिली, या गोष्टीचे मला फार अप्रूप आहे. पुण्यात १९५६ साली वीकफील्ड ही कंपनी निघाली आणि नंतरच्या काळात कस्टर्ड पावडरचा डबा महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या दुकानांतही दिसू लागला. आमच्या बाजारात तो आला तेव्हा मी दहावीत होते.

डब्यात असते तरी काय, तर मक्याचे पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर, व्हॅनिलाचा वास, चिमूटभर मीठ आणि पिवळा रंग. म्हणजे अंडे गेले तरी अंड्याच्या बलकाची आठवण म्हणून तो रंग राहिला. मी गेली काही वर्षे डबा आणत नाही. साधे कॉर्नफ्लोअर वापरते आणि दूध तापताना त्यात हळदीचे एक ताजे पान गाठ मारून सोडते. पातोळ्या उकडताना स्वयंपाकघरात जो वास भरून राहतो तोच दुधात उतरतो. श्रावण-भाद्रपदात परसात हळदीची पाने कमरेइतकी वाढलेली असतात, तेव्हाच हे कस्टर्ड करावे. रंग पांढरा राहतो, आणि पहिल्या वेळी मुले नाराज होतात. दुसऱ्या वेळी नाही होत.

आता कृती सांगते, कारण भाचीला ती पुन्हा सांगावी लागली आणि सांगताना माझ्याच लक्षात आले की इतकी वर्षे मी तिला कारणे सांगितलीच नव्हती. अर्धा लिटर दुधातले पाच-सहा चमचे दूध आधी बाजूला काढून ठेवायचे आणि ते गारच ठेवायचे. त्यात पोह्याच्या मोठ्या चमच्याने दोन सपाट चमचे पावडर घालून बोटाने कालवायची. मी बोटानेच कालवते, कारण तळाशी बसलेला घट्ट थर चमच्याला कळत नाही आणि बोटाला कळतो. दूध गार हवे याचे कारण असे की मक्याच्या पिष्टाचे कण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी पिऊन फुगू लागतात. कोरडी पावडर थेट गरम दुधात पडली तर गोळ्याचे बाहेरचे कण लगेच फुगून चिकट होतात, त्यांचे कवच तयार होते आणि आतली पावडर कोरडीच राहते. आपण ज्याला गाठ म्हणतो ती हीच. एकदा झालेली गाठ कितीही ढवळली तरी विरघळत नाही. ती गाळूनच काढावी लागते, आणि गाळताना जेवढी पावडर गाठीत गेली तेवढे कस्टर्ड पातळ राहते.

उरलेले दूध साखर घालून तापवायचे, उकळी येऊ लागली की आच मंद करायची आणि कालवलेले मिश्रण पुन्हा एकदा तळापासून हलवून, कारण पिष्ट दोन मिनिटांत खाली बसते, एका हाताने धार धरत दुसऱ्या हाताने ढवळत सोडायचे. यानंतरची दोन मिनिटे पातेल्यापासून हलायचे नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच घडत नाही आणि नवख्या माणसाला आणखी पावडर घालण्याचा मोह होतो. मग चमच्याला एकदम ओढ लागते. आतापर्यंत पाण्यातून फिरणारा चमचा जणू ओल्या वाळूतून फिरू लागतो, तळाशी त्याच्या मागे वाट उमटते, ती लगेच बुजत नाही, आणि दुधाचा भुरभुरता फेस नाहीसा होऊन पृष्ठभागावर जड, संथ बुडबुडे येतात, एक फुटतो तेव्हा दुसरा उठतो. या क्षणी आच बंद करण्याची घाई फार जण करतात. अजून मिनिटभर ते मंद खदखदू द्यावे, कारण मक्याचे पिष्ट उकळीच्या जवळ गेल्यावरच पूर्ण फुलते आणि त्याचा कच्चा पिठूळ वास तेव्हाच जातो. माझी आई चुलीतले लाकूड मागे ओढून निखाऱ्यावर हे मिनिट काढी. "घाई कित्याक करतंस गो? ढवळीत रव," असे आजी मागून म्हणत असे, आणि तिला कस्टर्ड हा शब्द शेवटपर्यंत नीट उच्चारता आला नाही तरी पातेले कधी उतरवायचे हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

उतरवताना ते कढीपेक्षा किंचित दाट असावे. गार होताना ते आणखी दाटते, म्हणून चुलीवरच हवे तितके घट्ट झालेले कस्टर्ड वाटीत खरवसासारखे कापावे लागते. साखरेचेही तसेच आहे. ती फार झाली तर पाणी स्वतःकडे ओढून ठेवते आणि पिष्टाला फुगायला पुरत नाही, म्हणून अर्धा लिटरला चार मोठे चमचे पुरेत, उरलेली गोडी फळांकडून यावी. फ्रिज आमच्याकडे १९९० नंतर आला. तोवर आई परातीत विहिरीचे गार पाणी घेई, त्यात पातेले ठेवी आणि पाणी कोमट झाले की बदली. वर साय धरू नये म्हणून मधून मधून ढवळावे लागे आणि ते काम मुलांकडे असे. ती साय मला आवडायची, हे मी आईला कधी सांगितले नाही. आमच्या दमट हवेत असे दुधाचे पदार्थ बाहेर फार तग धरत नाहीत, त्यामुळे दुपारी केलेले कस्टर्ड संध्याकाळी दिवेलागणीआधी संपवलेच जाई.

फळांच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. कोकणात राहून कस्टर्डसाठी सफरचंद आणि द्राक्षे यांची वाट पाहत बसावे हे मला पटत नाही. हापूसच्या फोडी, कापा फणसाचे बारीक चिरलेले गरे, वेलची केळी आणि ओले काजूगर एवढे आपल्या अंगणात असताना आणखी काय हवे? रायवळ आंब्याचा रस मात्र घालू नये. तो पातळ असतो आणि बऱ्याचदा आंबट, आणि आंबटपणाने कस्टर्डचा दाटपणा सैल पडतो. हापूसच्या फोडीसुद्धा कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावर, आणि केळी तर वाढायच्या वेळीच चिरून घालावीत, कारण ती काळी पडतात.

अननसाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासरच्या मंडळींसाठी मी घरच्या बागेतला पिकलेला अननस चिरून आदल्या रात्रीच कस्टर्डमध्ये घातला. अननस इतका गोड होता की त्याच्या वासाने माजघर भरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वाढले, तेव्हा पहिल्याच घासाला मोठ्या जाऊबाईंनी वाटी हळूच खाली ठेवली. कस्टर्ड कडू झाले होते, आणि वर पाण्याचा थर आला होता. कोणी काही बोलले नाही. मी मागच्या पडवीत जाऊन रडले. अननसात ब्रोमेलेन हे विकर असते, ते प्रथिने तोडते, आणि दुधातली प्रथिने तुटली की त्यांचे तुकडे कडू लागतात. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात त्यामागेही असेच एक विकर असते. उपाय अगदी सोपा आहे: अननसाच्या फोडी थोड्या साखरेत पाच-सात मिनिटे शिजवून, गार करून मगच घालायच्या, कारण उष्णतेने ते विकर निकामी होते. हा उपाय मला आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी सांगितला. मला रडताना त्यांनी कुंपणापलीकडून पाहिले होते.

या मावशींच्या हातचे कॅरॅमल पुडिंग मी पहिल्यांदा खाल्ले ते नाताळात. त्यांच्या घरी ओव्हन नव्हता. त्या एका ॲल्युमिनियमच्या डब्यात साखर करपवून तिचा तांबूस पाक तळाशी आणि कडांना फिरवीत, त्यावर चार अंडी, अर्धा लिटर दूध आणि साखर यांचे हलक्या हाताने एकत्र केलेले, गाळलेले मिश्रण ओतीत आणि तो डबा मोठ्या टोपात, तळाशी जाड फडके घालून, पाण्यात उभा करीत. झाकणालाही फडके बांधलेले असे, म्हणजे वाफेचे थेंब पुडिंगवर पडत नाहीत. मी ते पाहिले आणि थक्क झाले, कारण माझी आजी खरवस अगदी असाच, फडक्यासह, वाफवीत असे.

ज्या आजीने अंडे चुलीजवळ येऊ दिले नाही तिचा खरवस आणि मावशींचे पुडिंग ही दोन्ही मूळ अर्थाने कस्टर्डच आहेत. पिष्टाचा तिथे संबंध नाही. उष्णतेने प्रथिने जमतात आणि आपल्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. पुडिंगमध्ये हे काम अंडे करते. खरवसात ते चिकातली प्रथिने करतात, कारण व्यायलेल्या गाईच्या पहिल्या दुधात साध्या दुधाच्या कितीतरी पट प्रथिने असतात. दोन्हीकडे एकच पथ्य पाळायचे असते, आच मंद ठेवायची. अंड्याचे कस्टर्ड ऐंशी अंशांच्या पुढे-मागे जमते आणि त्यापुढे फार तापले की प्रथिने आवळतात, पाणी बाहेर पडते आणि कापल्यावर आत जाळी दिसते. आजी जाळी पडलेल्या खरवसाला "हे फुटलां" म्हणे आणि तो घरात ठेवी; शेजारी पाठवायचा तो सुरीने कापल्यावर कड चकचकीत दिसेल असाच पाठवी. पहिल्या दिवशीचा चीक फार दाट असल्याने त्यात ती तेवढेच किंवा जास्त साधे दूध घाली, दुसऱ्या दिवशीच्या चिकात कमी, तिसऱ्या दिवशीचा तसाच. गूळ, वेलची, जायफळ. बाकी काही नाही.

पण चीक काढण्याआधी वासरू पोटभर पिऊन घेई, त्याबाबतीत आजी कोणाचेही ऐकत नसे. नवजात वासराच्या रक्तात आईकडून रोगप्रतिकारक प्रथिने गर्भात येत नाहीत. ती त्याला या पहिल्या चिकातूनच मिळतात आणि त्याचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकते ते जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापुरतेच, त्यातही पहिले काही तास महत्त्वाचे. म्हणून खरवस हा मागून मिळणारा पदार्थ नाही. गाय व्याली, वासरू प्यायले, आणि त्यानंतर उरले तर तो होतो. वर्षातून एखाद्या वेळी होतो. चार घरी वाटला जातो, आणि वाटी परत येते ती रिकामी येत नाही, तिच्यात निदान साखरेचे चार दाणे असतात. कस्टर्डचे महत्त्व मला या ठिकाणी कळते. जे आपल्या हातात नसते, त्याच्या जवळचे काही तरी, कोणत्याही मंगळवारी, मुलाची परीक्षा संपली म्हणून किंवा नुसतेच ऊन फार आहे म्हणून, आई करू शकत होती.

आता माझ्या गोठ्यात गाय नाही. दूध घाटावरून पिशवीतून येते, पावसाळ्यात दरड पडली की एखाद दिवस येतही नाही. अशाच एका दिवशी मी नारळाच्या दुधाचे कस्टर्ड करू लागले आणि आता मला तेच जास्त आवडते. एका मोठ्या नारळाचे पहिले दाट दूध वाटीभर काढून वेगळे ठेवते आणि चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरे पातळ दूध दीड वाटी काढते. दाट करण्यासाठी मक्याच्या पिठाऐवजी तवकीर घेते. तवकिराचा कंद किसून पाण्यात कोळायचा, फडक्याने गाळायचा, खाली बसलेला पांढरा साका वरचे पाणी बदलत चार-पाच वेळा धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. माझ्या लहानपणी हे काम उन्हाळ्यात पडवीत चाले, आणि त्या पिठाची खीर आजारी माणसाला आणि लहान बाळाला दिली जाई. गाईच्या दुधात तवकीर किंचित बुळबुळीत होते, नारळाच्या दुधात होत नाही, उलट काचेसारखे नितळ जमते.

तीन चमचे तवकीर पातळ दुधात गारच कालवायचे, त्यात अर्धी वाटी गूळ आधीच विरघळवून गाळून घ्यायचा, चिमूटभर मीठ घालायचे आणि मंद आचेवर ढवळत राहायचे. गाईच्या उकळत्या दुधात गूळ घातला तर ते फाटण्याची भीती असते; नारळाच्या दुधाला ती नाही, शिरवाळ्यांचा रस करणाऱ्या कोणत्याही घराला हे माहीत आहे. मिश्रण आधी पांढुरके, गढूळ असते. मग कडेने पारदर्शक होत जाते आणि चमच्याला तीच ओढ लागते. तवकीर जास्त वेळ उकळले तर पुन्हा पातळ होते, म्हणून ते जमले रे जमले की पहिले दाट दूध घालायचे, एक वाफ येऊ द्यायची, उकळी येऊ द्यायची नाही, आणि उतरवायचे. वर वेलची आणि तुपात परतलेले काजू. वाट्या गार झाल्या की त्या तांबूस, चकचकीत दिसतात, आणि पहिला घास तोंडात घेतल्यावर खरवसाची आठवण येते, हे माझ्या घरी आलेल्या दोन-तीन पाहुण्यांनी न विचारता सांगितले आहे.

परवा फोन ठेवण्याआधी मी भाचीला ही कृतीही सांगितली, पण पुण्यात तिला ताजे तवकीर मिळाले नाही, म्हणून तिने त्याच संध्याकाळी पुन्हा साधेच कस्टर्ड केले. रात्री तिने फोटो पाठवला. सात वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या, केळी वरून आत्ताच चिरून घातलेली दिसत होती, आणि मागे ओट्यावर पातेल्याशेजारी दोन चमचे होते: एक पातेल्यावर आडवा ठेवलेला, आणि दुसरा बाजूला, वेगळ्या बशीत.